चिंता, नैराश्य आणि व्यसन : एका दुष्टचक्राची उकल

'टेन्शन आहे म्हणून पितो' हे पिणाऱ्याचे म्हणणे आणि 'पितो म्हणूनच हे सगळे झाले' हे घरच्यांचे म्हणणे. या दोन वाक्यांवरून असंख्य घरांत वर्षानुवर्षे वाद झडत आले आहेत. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही वाक्ये अर्धीच खरी आहेत. मनाचे आजार आणि व्यसन एकमेकांना कसे पोसतात, त्यांचे निदान कोठे चुकते आणि उपचार कसे व्हायला हवेत, याचा हा आढावा.

पहाटे चारच्या सुमारास दचकून जाग येते. छातीत धडधडते, तळहातांना घाम सुटतो, काहीतरी वाईट घडणार अशी विनाकारण भीती दाटून येते. पुन्हा झोप लागत नाही. उजाडेपर्यंत मनात नोकरी, कर्जाचे हप्ते, मुलांची शिक्षणे यांचे विचार घोंघावत राहतात. संध्याकाळी दोन पेग घेतले की ही घालमेल निवते, झोपही लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र पुन्हा तेच.

ही लक्षणे एखाद्या डॉक्टरसमोर मांडली आणि संध्याकाळच्या दोन पेगांचा उल्लेख टाळला, तर ती चिंताविकाराची वाटतील. पेगांचा उल्लेख केला, तर रात्री घेतलेल्या मद्याचा अंमल उतरताना शरीराने दिलेली ती प्रतिक्रियाही असू शकते. किंवा दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. मनोविकार आणि व्यसन यांच्या नात्यातील सारी गुंतागुंत या एका पहाटेत सामावलेली आहे.

शब्दांचे अर्थ

चिंता ही मुळात रोग नव्हे. परीक्षा, शस्त्रक्रिया किंवा मुलाखत यांच्या आधी वाटणारी धाकधूक स्वाभाविक आणि उपयुक्तही असते. कारण संपल्यावरही ती ओसरत नसेल, कारणाच्या मानाने फारच तीव्र असेल, आणि तिच्यामुळे कामकाज व नातेसंबंध विस्कळीत होत असतील, तर तिला चिंताविकार म्हणतात. सतत कशाची ना कशाची काळजी लागून राहणे, अचानक भीतीचा झटका येणे, चारचौघांत बोलण्याची पराकोटीची धास्ती वाटणे ही त्याची काही रूपे.

नैराश्याचेही तसेच. दुःखद प्रसंगाने मन खिन्न होणे निराळे आणि नैराश्याचा आजार निराळा. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असणे किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता, उत्साह यांत बिघाड होणे, स्वतःविषयी हीन भावना वाटणे, मृत्यूचे विचार येणे, अशी लक्षणे असतील तर तो आजार समजला जातो.

व्यसनाधीनता ओळखण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. पदार्थाची तीव्र ओढ लागणे, किती घ्यायचे यावरचा ताबा सुटणे, तेवढ्याच परिणामासाठी अधिकाधिक मात्रा लागणे, पदार्थ न मिळाल्यास शरीर व मन बेचैन होणे, आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही सेवन चालूच राहणे. यांपैकी कशातही माणसाच्या 'चारित्र्या'चा संबंध नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

प्रमाण किती?

बंगळुरूच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी उपचारांची गरज असलेला मनोविकार होता. या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तंबाखू धरून व्यसनविकारांचे प्रमाण २२.४ टक्के आढळले, तर केवळ मद्याशी निगडित विकारांचे ४.६ टक्के. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे १६ कोटी लोक मद्य घेत असल्याचे आणि त्यांपैकी ५.७ कोटींना मद्यपानाच्या समस्येसाठी मदतीची गरज असल्याचे दिसले. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी अवघ्या एकाने कधीतरी काही उपचार किंवा मदत मिळाल्याचे सांगितले.

हे दोन्ही आजार एकाच व्यक्तीत किती वेळा भेटतात, याचा मोठ्या प्रमाणावरील शोध प्रथम अमेरिकेत घेतला गेला. तेथे पाच ठिकाणी वीस हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखतींवर आधारलेले निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधीतरी मद्यविकार झालेल्यांपैकी ३७ टक्के लोकांना कधी ना कधी दुसरा एखादा मनोविकारही झालेला होता. इतर अमली पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण ५३ टक्के होते. उलट बाजूने पाहता, मनोविकार झालेल्या माणसाला व्यसन जडण्याची शक्यता इतरांच्या जवळपास पावणेतीन पट आढळली. हे केवळ योगायोगाने घडणे शक्य नाही. म्हणूनच तज्ज्ञ या अवस्थेला 'दुहेरी निदान' असे स्वतंत्र नाव देतात.

आधी कोण? तीन वाटा

पहिली वाट मनाच्या आजाराकडून व्यसनाकडे जाते. चारचौघांत तोंड उघडायला घाबरणारा तरुण मित्रांच्या आग्रहाने बिअर घेतो आणि त्याला आयुष्यात प्रथमच मोकळे बोलता येते. त्याच्या दृष्टीने ती बिअर औषधच ठरते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खान्झियन यांनी १९८५ मध्ये मांडलेला 'स्वयं-औषधोपचारा'चा सिद्धान्त हेच सांगतो की, माणूस कोणताही पदार्थ निव्वळ मौजेसाठी धरून राहत नाही. असह्य भावनांवर त्याला त्यातून उतारा मिळत असतो. सामाजिक भीती आणि आघातानंतरचा तणावविकार यांच्या बाबतीत ही वाट विशेष स्पष्ट दिसते.

दुसरी वाट उलटी आहे. कोणताही मनोविकार नसलेला माणूस सोबतीने, सवयीने किंवा धंद्यातील 'बैठकीं'मुळे पिऊ लागतो. काही वर्षांनी सततच्या मद्यामुळे मेंदूचे रासायनिक संतुलन बिघडते आणि त्यातून नैराश्य व चिंता उद्भवतात. शिवाय नोकरी जाणे, कर्ज होणे, घरात अबोला, समाजात मानहानी या व्यसनाच्या परिणामांनी कोणाचेही मन खचेल.

तिसरी वाट दोघांच्या समान उगमाकडे नेते. आनुवंशिकता, बालपणी झालेला छळ किंवा उपेक्षा, आईवडिलांपैकी एखाद्याचे व्यसन, दीर्घकाळचे दारिद्र्य, बेकारी आणि एकटेपणा हे घटक व्यसन आणि मनोविकार या दोहोंचाही धोका वाढवतात. अशा वेळी एक दुसऱ्याचे कारण नसते. एकाच मुळाला फुटलेले ते दोन फांटे असतात.

प्रत्यक्षात काही वर्षे उलटल्यावर या वाटा वेगळ्या ओळखू येत नाहीत. सुरुवात कोठूनही झालेली असो, पुढे दोन्ही आजार एकमेकांना बळ देत राहतात. त्यामुळे 'आधी काय' या प्रश्नाचे उत्तर उपचारांना दिशा देण्यापुरते उपयोगी पडते. त्यावरून दोष कोणाचा हे ठरवत बसण्याने काहीच साधत नाही.

मेंदूत काय घडते?

मेंदूचे काम गाडीच्या ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांच्यासारख्या दोन व्यवस्थांच्या समतोलावर चालते. 'गाबा' हे रसायन चेतापेशींना शांत करते, तर 'ग्लुटामेट' त्यांना उत्तेजित करते. मद्य गाबाचा प्रभाव वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबून टाकते. म्हणूनच पहिल्या पेगानंतर सैल, निवांत वाटते. त्याच वेळी मेंदूतील 'डोपामिन' वाढल्याने सुखाची जाणीव होते आणि हा अनुभव स्मृतीत पक्का ठसतो.

रोज हा मारा होऊ लागला की मेंदू स्वतःला जुळवून घेतो. गाबाला प्रतिसाद देणारी यंत्रणा तो बोथट करतो आणि उत्तेजित करणारी यंत्रणा तीव्र करतो. मग मद्याचा अंमल उतरला की ब्रेक कमकुवत आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला, अशी अवस्था होते. धडधड, घाम, हातांची थरथर, चिडचिड, अनामिक भीती ही तिचीच लक्षणे. पुन्हा मद्य घेतले की ती थांबतात आणि 'दारूने टेन्शन जाते' हा समज अधिकच दृढ होतो. वस्तुतः आजची दारू कालच्या दारूने निर्माण केलेली चिंता शमवत असते.

झोपेची कथाही अशीच. मद्याने झोप लवकर लागते हे खरे. पण स्वप्नांची झोप कमी होते आणि रात्रीच्या उत्तरार्धात ती वारंवार मोडते. अपुरी, तुटक झोप हे नैराश्याचे लक्षण आहे आणि कारणही. सुखाच्या यंत्रणेचे तर याहून नुकसान होते. कृत्रिम उत्तेजनाला सरावलेल्या मेंदूला मुलाचे हसणे, आवडते गाणे, गरम भाकरी यांतून मिळणारा साधा आनंद जाणवेनासा होतो. व्यसन सोडल्यानंतर पहिले काही आठवडे 'सगळे बेचव वाटते' अशी जी तक्रार रुग्ण करतात, ती यामुळेच. ही अवस्था तात्पुरती असते, हे त्या वेळी त्यांना कोणीतरी सांगणे फार गरजेचे असते.

पदार्थ निराळे, सापळा तोच

तंबाखू : २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करतात आणि त्यांतील बहुसंख्य ती खातात किंवा मशेरीसारख्या रूपात वापरतात. 'डोके शांत राहते' हा तिचा सर्वांत प्रचलित बचाव. प्रत्यक्षात निकोटिनचा अंमल उतरताना होणारी बेचैनी पुढच्या चिमटीने थांबते, एवढेच घडते. २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केलेल्या २६ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, नैराश्य व ताण हे न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाल्याचे दिसून आले.

गांजा : काहींना तो निवांत करतो, तर काहींना, विशेषतः मात्रा जास्त झाल्यास, तीव्र भीतीचा झटका आणि संशयाची भावना देतो. किशोरवयात सुरू झालेले नियमित सेवन पुढील आयुष्यात मनोविकारांचा धोका वाढवते. 'वनस्पती आहे, म्हणजे निर्धोक' हा समज खोटा आहे.

गर्द आणि इतर अफूजन्य पदार्थ : यांचा अंमल उतरतानाच्या यातनांना नशेच्या दुनियेत 'टर्की' म्हणतात. अंगदुखी, जुलाब, नाकाडोळ्यांतून पाणी यांसोबत कमालीची चिंता आणि उदासी येते. त्या भीतीपोटीच अनेकजण सोडण्याचा विचारही करत नाहीत.

उत्तेजके : मुंबई-पुण्यात 'एमडी' किंवा 'म्याव म्याव' नावाने विकले जाणारे मेफेड्रोन, तसेच कोकेन, अंमलात असताना अफाट आत्मविश्वास देतात आणि उतरताना तितक्याच वेगाने गाळात लोटतात. या उतरणीच्या काळात आत्महत्येचे विचार येऊ शकतात.

झोपेच्या आणि चिंतेवरील गोळ्या : अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधे योग्य कारणासाठी, थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास उपयुक्त ठरतात. पण काही आठवड्यांतच शरीर त्यांना सरावू शकते. जुनी चिठ्ठी दाखवून किंवा ओळखीच्या दुकानातून त्या महिनोन्महिने घेत राहणे म्हणजे उपचारांतूनच नवे व्यसन ओढवून घेणे होय. मद्यासोबत किंवा अफूजन्य पदार्थांसोबत घेतल्यास या गोळ्या श्वसन मंदावून जीवघेण्या ठरू शकतात. याउलट नैराश्यावरील आधुनिक औषधांची अशी ओढ लागत नाही. तरीही ती अचानक न थांबवता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात.

निदानातील पेच

दारू सोडण्यासाठी दाखल झालेल्या रुग्णाला पहिल्याच दिवशी तपासले, तर तो बहुधा उदास आणि चिंताग्रस्तच आढळेल. मग त्याला नैराश्याचा आजार आहे, असे समजायचे का? अमेरिकेतील सँड्रा ब्राऊन आणि मार्क शुकिट यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा मानला जातो. मद्यासक्तीसाठी दाखल झालेल्या १९१ पुरुषांपैकी ४२ टक्के लोकांत सुरुवातीला लक्षणीय नैराश्य आढळले. चार आठवडे मद्यापासून दूर राहिल्यानंतर हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. म्हणजे अनेकांचे नैराश्य दारूनेच आणलेले होते आणि दारूबरोबर ते गेलेही. पण सर्वांचे गेले नाही. ज्यांचे टिकून राहिले, त्यांना स्वतंत्र उपचारांची गरज होती.

यावरून मनोविकारतज्ज्ञ साधारण एक महिन्याचा काळ निरीक्षणासाठी धरतात. त्याचबरोबर काही प्रश्न विचारतात. व्यसन जडण्यापूर्वी असा त्रास कधी झाला होता का? मध्यंतरी काही महिने व्यसन सुटले होते, तेव्हा मन कसे होते? रक्ताच्या नात्यात कोणाला नैराश्य, उन्माद किंवा आत्महत्येचा इतिहास आहे का? या प्रश्नांची उत्तरे घरच्यांकडून अधिक नेमकी मिळतात, म्हणून पहिल्या भेटीला जवळच्या व्यक्तीने सोबत जाणे हिताचे.

मात्र महिनाभर थांबण्याचा हा नियम आंधळेपणाने पाळायचा नसतो. लक्षणे तीव्र असतील, पूर्वीपासूनची असतील किंवा मरणाचे विचार येत असतील, तर उपचार ताबडतोब सुरू करावे लागतात. 'आधी दारू सोड, मग बघू' असे सांगून रुग्णाला परत पाठवणे किंवा उलट, व्यसनाची चौकशीच न करता केवळ नैराश्याच्या गोळ्या लिहून देणे, या दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात.

एका झटक्यात सोडण्याचा धोका

देवाची शपथ घेऊन, गळ्यात माळ घालून किंवा घरच्यांनी खोलीत कोंडून एका दिवसात दारू बंद करण्याचे प्रयोग आपल्याकडे सर्रास होतात. इच्छाशक्तीचे मोल कमी नाही. पण अनेक वर्षे रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने वैद्यकीय मदतीशिवाय अचानक मद्य थांबवल्यास पहिल्या दोन दिवसांत फिट्स येऊ शकतात. साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास, ताप आणि तीव्र थरथर अशी प्राणघातक अवस्थाही उद्भवू शकते. घरचे लोक याला 'वेड लागले' किंवा 'बाहेरची बाधा' समजतात आणि मोलाचे तास वाया जातात.

म्हणून असा निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे. रुग्णालयात किंवा देखरेखीखाली काही दिवस औषधे देऊन हा काळ सुरक्षितपणे पार पाडता येतो. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता असते. ते वेळेवर न दिल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. झोपेच्या गोळ्यांचे व्यसनही असेच टप्प्याटप्प्याने सोडवावे लागते.

उपचार : दोन्ही एकत्र

आजचा वैद्यकीय दृष्टिकोन असा की, दोन्ही आजारांवर एकाच वेळी, शक्यतो एकाच चमूने उपचार करावेत. शरीरातून मद्य उतरवणे ही केवळ पहिली पायरी. त्यानंतर ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे, अफूजन्य व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन, आणि गरज असल्यास नैराश्य व चिंतेवरील औषधे दिली जातात. ही शेवटची औषधे परिणाम दाखवायला साधारण दोन ते चार आठवडे घेतात. तेवढा धीर नसल्याने 'गोळ्यांनी काही होत नाही' म्हणून त्या सोडून देणारे पुष्कळ असतात.

औषधांइतकेच महत्त्व समुपदेशनाला आहे. विचारांची चुकीची वळणे ओळखून ती बदलण्यास शिकवणारी उपचारपद्धती, बदलाची इच्छा रुग्णाच्याच तोंडून वदवून घेणारी मुलाखतपद्धती, आणि निष्क्रियतेत रुतलेल्या माणसाला छोट्या-छोट्या आनंददायी व उपयुक्त कृतींकडे पुन्हा वळवणारी पद्धती, या तिन्हींना संशोधनाचा आधार आहे.

हे समुपदेशन केवळ महागड्या दवाखान्यांतच शक्य आहे, हा समज गोव्यातील एका प्रयोगाने खोडून काढला. तेथील 'संगथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण दिले. त्यांच्याकडे मानसोपचाराची पदवी नव्हती. तीव्र नैराश्याच्या सुमारे पाचशे रुग्णांवर आणि अपायकारक मद्यपान करणाऱ्या पावणेचारशेच्या आसपास पुरुषांवर झालेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष 'द लॅन्सेट' या नियतकालिकात २०१७ मध्ये छापून आले. नैराश्याच्या गटात तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण बरे झाले. नेहमीचे, पण सुधारित उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मद्यपानाच्या गटात समस्येतून बाहेर आलेल्यांचे प्रमाण ३६ टक्के, तर तुलनेच्या गटात २६ टक्के होते. यश सर्वांना आले नाही. समुपदेशनानंतरही जे पीत राहिले, त्यांच्या पिण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. तरीही काही मोजक्या भेटींत, गावातल्याच माणसाने साधलेला हा परिणाम मनोविकारतज्ज्ञांची टंचाई असलेल्या देशासाठी फार मोलाचा आहे.

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचे नाव काढताच पुण्याच्या 'मुक्तांगण'ची आठवण होते. गर्दच्या विळख्याविषयी अनिल अवचट यांनी केलेल्या लेखनानंतर, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने १९८६ मध्ये हे केंद्र येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले. त्याची धुरा वाहणाऱ्या डॉ. अनिता अवचट या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही भूमिका या केंद्राने मराठी समाजात रुजवली. गटचर्चा, योग, श्रम, कला आणि त्यांच्या जोडीला मनोविकारांची तपासणी, असा तेथील उपचारांचा घाट आहे. पूर्वी स्वतः व्यसनात असलेले अनेकजण पुढे तेथेच कार्यकर्ते म्हणून उभे राहिले.

१९३५ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या स्वमदत गटाच्या सभाही महाराष्ट्रातील अनेक गावांत व शहरांत भरतात. त्यांना कोणतेही शुल्क नसते. गटाचा आधार घेणाऱ्याने मनोविकाराची औषधे मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. 'गोळी हेही व्यसनच' असे ऐकून औषध सोडलेले रुग्ण पुन्हा खोल नैराश्यात जाऊ शकतात.

घसरण म्हणजे पराभव नव्हे

व्यसन आणि नैराश्य हे दोन्ही उलटणारे आजार आहेत. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कोणी त्याला 'फुकट गेला' म्हणत नाही. व्यसनातून उठलेल्या माणसाचा पाय घसरला की मात्र घरदार आशा सोडते. उपचारानंतर महिनोन्महिने मन पुन्हा उदास होऊ लागणे, झोप मोडणे, लोकांना टाळणे ही घसरणीची पूर्वसूचना असते. बाटली हातात येण्याच्या बरीच आधी ती दिसते. ती ओळखून वेळीच फॉलोअपला जाणे, हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय.

घरच्यांची बाजू

व्यसनी माणसाच्या घरात आजारी माणूस एकच नसतो. पतीच्या दारूपायी चिंता आणि नैराश्याने ग्रासलेल्या स्त्रिया अनेकदा डोकेदुखी, अंगदुखी, अशक्तपणा अशा तक्रारी घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत असतात. खऱ्या कारणाची चौकशी क्वचितच होते. स्वतः स्त्रीचेच व्यसन असेल, तर ते घराण्याच्या अब्रूसाठी लपवले जाते आणि उपचारांना अधिकच उशीर होतो. अशा घरातील मुलेही अकाली पोक्त, बुजरी किंवा आक्रमक होतात. म्हणून कुटुंबासाठी स्वतंत्र समुपदेशन आणि जोडीदारांचे आधारगट यांना उपचारांत स्थान आहे.

काही गोष्टी घरच्यांनी कटाक्षाने टाळायला हव्यात. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती वाचून भाजी-आमटीत औषध मिसळणे हा त्यांतला सर्वांत घातक प्रकार. अशा पुड्यांत काय असते, याची खात्री नसते. त्यांत डायसल्फिराम असल्यास आणि रुग्ण त्यावर मद्य प्याल्यास रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. कर्ज परस्पर फेडणे, कार्यालयात खोटी कारणे सांगणे यांमुळे आजार केवळ लांबतो. बोलायचे ते माणूस शुद्धीत असताना, शांतपणे, आरोपांऐवजी काळजीच्या भाषेत बोलावे.

जिवाचा धोका

नैराश्य आणि नशा एकत्र येतात तेव्हा आत्महत्येचा धोका दोहोंच्या बेरजेहून वाढतो. नैराश्य मरणाचे विचार देते आणि नशा त्या विचारांना आवरणारा विवेक काढून घेते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली. राज्यांमध्ये सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या. त्या वर्षीच्या देशातील नोंदींपैकी ६.८ टक्क्यांमध्ये अमली पदार्थ किंवा मद्याचे व्यसन हे कारण म्हणून नोंदले गेले.

मरणाविषयी बोलणाऱ्याला 'नाटक करतो' म्हणून झिडकारू नये. थेट, पण मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये, घरातील औषधे, कीटकनाशके हाताशी राहू देऊ नयेत आणि तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

हक्क आणि मदत

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येतच केला आहे. त्यामुळे शासकीय उपचार मिळणे हा अशा रुग्णाचाही हक्क आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे हा कायदा गृहीत धरतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही, अल्प प्रमाणातील पदार्थांच्या संदर्भात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळण्याचे म्हणूनच कारण नाही.

पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग येथे कमी खर्चात उपचार होतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनाशुल्क समुपदेशन मिळते. व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी १४४४६, तर तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११ २३५६ हे राष्ट्रीय क्रमांक आहेत.

पहाटे चारला जाग येणाऱ्या माणसासमोर प्रश्न एकच असतो. ही घालमेल थांबणार कशी? त्याला ठाऊक असलेले उत्तर संध्याकाळपर्यंत थांबण्याचे असते. खरे उत्तर डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून, झोपेची तक्रार सांगतानाच त्या दोन पेगांविषयीही सांगण्याचे आहे. निदानाची सुरुवात त्या एका प्रामाणिक वाक्यापासून होते आणि ते वाक्य निर्भयपणे बोलता येईल असे घर, असा दवाखाना आणि असा समाज असणे, ही उपचारांची पहिली अट आहे.